उपभोगाची वस्तू, भोगाची वस्तू



दशलक्षण पर्व झालं, क्षमावाणी झाली. उत्तम आकिंचन्यावरचं माताजींचं प्रवचन अजून कानात आहे, आणि तेवढ्यात वर्तमानपत्राची घडी उघडली की आतून दिवाळीच्या सवलतींची रंगीत पानं खाली पडायला लागली आहेत. जुना मिक्सर द्या, नवा घ्या. जुना फोन द्या, नवा घ्या. मी ती पानं रद्दीत टाकत नाही. चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचते. हा माझा जुना दोष आहे, तो आधीच कबूल केलेला बरा.

इतर बायकांचा पाय साड्यांच्या दुकानातून निघत नाही, माझा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून निघत नाही. लहानपणी आमच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवलं तरी लगेच आवाज यायचा नाही, आधी आतले दिवे हळूहळू लाल व्हायचे. मी बारा वर्षांची असताना अण्णा दुकानात गेले आहेत असं बघून त्याची मागची पुठ्ठ्याची पाठ काढली होती. आतलं ते छोटं गाव बघत बसले आणि संध्याकाळी धपाटा खाल्ला. पुढे बी.कॉम. केलं, संसार केला, पण नवं यंत्र घरात आलं की त्याचं माहितीपुस्तक आधी मी वाचायचं, ही पद्धत आजही आहे.

म्हणून आज मी जे लिहिणार आहे ते यंत्रांचा राग असलेल्या बाईचं लिहिणं नाही. यंत्रांवर पन्नास वर्षं प्रेम केलेल्या बाईचं आहे.

गेल्या वर्षी चातुर्मास स्थापनेला मी माताजींकडे एक नियम घेतला. वर्षभर विजेवर किंवा बॅटरीवर चालणारी नवी वस्तू घरात आणायची नाही. एखादी मोडली आणि दुरुस्तच होत नसेल, तर ती घराबाहेर गेल्यावरच तिच्या जागी एक. आमचे हे हसले. म्हणाले, "गोड सोडणं सोपं होतं की तुला." खरंच होतं. पण त्या वर्षात वस्तूंविषयी जे शिकले ते इतक्या वर्षांच्या दुकानफेऱ्यांत शिकले नव्हते.

मिक्सर आणि कानातली बोंडं

नियमाच्या तिसऱ्याच महिन्यात मिक्सर थांबला. हा मिक्सर आम्ही १९८६ साली ११५० रुपयांना घेतला होता. तेव्हा ती रक्कम मोठी होती, दोन महिने काटकसर केली होती. पिशवीत घालून दुरुस्तीवाल्या भाऊंकडे नेला. त्यांनी खालचे चार स्क्रू काढले, झिजलेले कार्बन ब्रश बाहेर काढून माझ्या हातावर ठेवले, नवे बसवले, कपलर तपासला. वीस मिनिटांत मिक्सर पुन्हा ओरडायला लागला. दोनशे रुपये.

पुढच्याच महिन्यात माझी कानातली बोंडं गेली. बिनवायरीची, पांढऱ्या डबीत झोपणारी. लेकाने वाढदिवसाला दिली होती, पाच हजारांची. पोळ्या लाटताना, भाजी निवडताना त्यावर मी प्रवचनं ऐकायची. सव्वादोन वर्षांनी उजव्या कानातलं अर्ध्या तासात झोपायला लागलं, मग दहा मिनिटांत. सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. तिथला मुलगा फार नम्र होता. म्हणाला, "मॅडम, याची बॅटरी बदलता येत नाही. हे उघडतच नाही. तुम्हाला नवीनवर सवलत मिळेल." बोंडात दुसरं काहीही बिघडलेलं नव्हतं. आवाज पहिल्या दिवसासारखा स्वच्छ होता. शेंगदाण्याएवढी बॅटरी थकली, म्हणून सगळं गेलं.

मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे घरी येऊन घसारा काढला. मिक्सरची किंमत ११५०, इतक्या वर्षांच्या दुरुस्त्या आणि नवी भांडी मिळून अंदाजे ४८००. एकूण ५९५०, भागिले ३९ वर्षं, म्हणजे वर्षाला दीडशे रुपयांच्या आसपास. आता कुणी म्हणेल, काकू, १९८६चा रुपया आजच्यासारखा नव्हता. बरोबर आहे. मूळ किंमत बारा पट धरली तरी हिशोब वर्षाला पाचशेच्या आत राहतो. आणि बोंडांचा खर्च वर्षाला बावीसशे. मिक्सरने घरातल्या सगळ्यांसाठी चटण्या वाटल्या, डाळी भरडल्या. बोंडं एकटीच्या कानापुरती होती.

पण पैशाचा हिशोब वरवरचा आहे. मला खरी टोचणी लागली ती वेगळ्या शब्दाने.

आपल्या आचार्यांनी केलेला भेद

आपल्या श्रावकाच्या व्रतांत भोगोपभोग परिमाण आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात यातला भेद सोपा करून सांगितला आहे. जी वस्तू एकदा वापरली की संपते, जसं अन्न, ती भोगाची. जी पुन्हा पुन्हा वापरता येते, जसं वस्त्र, ती उपभोगाची. दोन्हींना मर्यादा घालायची. हे मी स्वाध्यायात किती वेळा वाचलं असेल! परीक्षेतल्या व्याख्येसारखं पाठही होतं. पण त्या सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर उभी असताना ते पहिल्यांदा कळलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत यंत्रं बनवणाऱ्यांनी उपभोगाच्या वस्तू हळूहळू भोगाच्या करून टाकल्या आहेत. दिसायला ते यंत्र आहे, वागायला केळं आहे. सोललं, खाल्लं, साल टाकलं. आपण परिग्रहाचं परिमाण ठरवताना वस्तू मोजतो: दोन फोन, एक टीव्ही, एक फ्रिज. पण दर अडीच वर्षांनी फोन बदलला तर पंचवीस वर्षांत दहा फोन झाले. कपाटात एकच दिसतो म्हणून आपण स्वतःला अल्पपरिग्रही समजतो. उरलेले नऊ कुठेतरी आहेतच की! त्यांच्यासाठी खणलेली जमीन आहे, वापरलेलं पाणी आहे, आणि त्यांच्या बॅटऱ्या कचऱ्यात आहेत. लिथियमची बॅटरी ओल्या-सुक्यात मिसळून घंटागाडीत गेली आणि चेपली गेली, तर पेटसुद्धा घेते. विनाकारण पृथ्वी, पाणी, अग्नी यांचा घात करू नये, हे अनर्थदंडविरतीत आपल्याला सांगितलेलं आहे. आपण ते झाडाची पानं तोडण्यापुरतं आणि नळ वाहता न ठेवण्यापुरतं घेतो.

हे आपोआप झालेलं नाही

यंत्रं लवकर जातात ती नाजूक झाली म्हणून, असं आपल्याला वाटतं. तसं नेहमी नसतं. १९२४ साली जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्यांनी जिनिव्हामध्ये एक संघ केला होता, फीबस नावाचा. तेव्हाचे बल्ब पंधराशे ते दोन हजार तास चालत. या मंडळींनी ठरवलं की बल्ब हजार तासच चालायचा. ज्या कारखान्याचा बल्ब जास्त टिकेल त्याला दंड! चांगला माल बनवला म्हणून दंड, हे वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं.

गाणं ऐकण्याच्या यंत्राचंच बघा. १९७९ साली सोनीचा वॉकमन आला. पेन्सिल सेल संपले की कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन आणायचे, घालायचे. २००१ साली अॅपलचा आयपॉड आला. काय सुंदर वस्तू होती ती! हजार गाणी मुठीत, आणि एक चाक फिरवून हवं ते गाणं. मी भाच्याचा हातात घेतला तेव्हा परत द्यायचं मन होईना. पण त्याची बॅटरी मालकाला काढता येत नव्हती. २००३ साली न्यूयॉर्कच्या दोन भावांनी याच तक्रारीवर छोटी फिल्म काढून सगळीकडे पसरवली. त्याच सुमारास कंपनीने पैसे घेऊन बॅटरी बदलून द्यायची सोय सुरू केली. पुढे २०१६ मध्ये फोनचं इअरफोनचं भोकच गेलं आणि बिनवायरीची बोंडं आली. एकाने केलं की सगळे तसंच करतात. दर पायरीला यंत्र लहान झालं, सुबक झालं, आणि आपल्या हातातून थोडं थोडं निसटलं.

आमची सून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिने हे वाचून लगेच हरकत घेतली. "आई, बॅटरी बंद केली म्हणूनच फोन इतका पातळ होतो. पावसात भिजला तरी चालतो. तुमचा जुना फोन बादलीत पडला होता तो आठवतो का?" आठवतो. तांदळाच्या डब्यात तीन दिवस ठेवला होता, तरी गेला. तिचं म्हणणं खोटं नाही. पण मी तिला विचारलं, फोन किती पातळ हवा असं तुला कुणी विचारलं होतं का? पातळ फोन घेतला की आपण त्यावर जाड कव्हर चढवतो. बोंडांचंही तसंच. नेदरलँडची फेअरफोन नावाची एक छोटी कंपनी आहे. तिने २०२४ मध्ये अशी बोंडं काढली की ज्यांची बॅटरी घरच्या घरी बदलता येते. म्हणजे जमतं. इतरांना करायचं नाही, एवढाच अर्थ.

सासूबाईंचा टेपरेकॉर्डर

आता जे सांगणार आहे ते खरं तर सांगायला जड जातं, कारण त्यात चूक आमची होती.

आमच्या सासूबाई ८९ वर्षांच्या आहेत. भक्तामर त्यांना पूर्ण ४८ श्लोक पाठ. पण अलीकडे मध्येच एखादी ओळ निसटते, म्हणून त्या कॅसेटबरोबर म्हणायच्या. पहाटे पाचला त्यांच्या खोलीतून 'खट्' असा आवाज यायचा, टेपरेकॉर्डरचं बटण दाबल्याचा. मग स्तोत्र सुरू. डोळ्यांना नीट दिसत नाही, पण बोटांना सगळं माहीत. भाऊंनी दोनदा त्याचा पट्टा बदलून दिला. तिसऱ्या वेळी हेडच गेलं आणि ते मिळेना.

लेकाने प्रेमाने बोलून चालणारा स्पीकर आणला. नियमाच्या आधीची गोष्ट आहे, आणि आणायला मीच जास्त उत्सुक होते. केवढी सोय! बटणच नाही, नुसतं बोलायचं. पण त्याला आधी इंग्रजी नावाने हाक मारावी लागते. सासूबाई म्हणायच्या, "बाई गं, ते भक्तामर लाव की." तो गप्प. नाव घेतलं तर उच्चार त्याला कळायचा नाही. एकदा त्याने सिनेमाचं गाणं लावलं. त्या दिवशी आम्ही सगळे हसलो, त्याही हसल्या. मग त्या कुणीतरी उठायची वाट बघायला लागल्या. मी सहाला उठून लावून द्यायची. काही दिवसांनी म्हणाल्या, "राहू दे. मी मनातच म्हणते."

एकदा पहाटे पाणी प्यायला उठले तर त्या अंधारात पलंगावर बसलेल्या, स्पीकरकडे तोंड करून, गप्प. मी म्हटलं, "का हो आई, बोलवत नाही का त्याला?" तर म्हणाल्या, "मोठ्यानं हाक मारली की पोरं जागी होतात. रात्री उशिरा झोपतात बिचारी."

मी जाऊन परत आडवी झाले, पण झोप लागली नाही. साठ वर्षं स्वतःच्या हाताने आपलं सामायिक, आपलं स्तोत्र करणारी बाई. आम्ही हौसेने तिच्या हातातली एक गोष्ट काढून घेतली होती आणि तिला कुणाच्या तरी उठण्याच्या आधारावर बसवलं होतं. यंत्राने आपल्या घरात काय करावं? जो एकटा करू शकत नाही त्याला एकट्याने करता यावं, यासाठी यंत्र. त्याच्या उलटं होत असेल तर ते कितीही नवं असो, मागेच पडलेलं आहे.

नियमात बसवून मार्ग काढला. स्पीकर लेकाला परत दिला, तो पुण्याला गेला. त्याच्या जागी बाजारातून सातशे रुपयांचा एक साधा प्लेअर आणला, पेनड्राइव्ह लावायचा. मागचं झाकण नखाने उघडतं आणि आत जुन्या नोकियासारखी बॅटरी आहे, ती कुठेही मिळते. पेनड्राइव्हमध्ये भक्तामर आणि णमोकार, एवढंच भरलं. बटणं सहा होती, त्यातली चार चिकटपट्टीने झाकली. सुरू करायच्या बटणावर माझी एक खड्याची टिकली चिकटवली, म्हणजे बोटाला लागेल. दुसऱ्या दिवशी पाच वाजता भक्तामर सुरू झालं. मी उठले नाही. तशीच पडून पूर्ण ऐकलं.

बटण म्हणजे मागासपणा नव्हे

तेव्हापासून मी बटणांची बाजू घेते. काच आली की सगळं सपाट झालं. इंडक्शनच्या शेगडीवर ओला हात लावला तर ती ऐकत नाही. वॉशिंग मशीनवर चौदा चिन्हं, त्यातली आपण दोन वापरतो. आंधळेपणाने बोट ठेवून कळेल असं काहीच नाही. बटणाला उंचवटा असतो, 'खट्' असतं, ते दाबलं गेलं हे हाताला कळतं.

हे फक्त म्हातारपणाचं रडगाणं समजू नका. मोटारींतसुद्धा सगळं पडद्यावर नेलं होतं. गाडी सुरक्षित आहे का हे तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने ठरवलंय की २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे अशा गोष्टींना प्रत्यक्ष बटण किंवा दांडी नसेल तर गाडीचे गुण कमी होतील. कारण पडद्यावर शोधताना डोळे रस्त्यावरून निघतात. आणि आपल्याकडे २०१७ साली सारेगामाने जुन्या रेडिओसारखा दिसणारा कारवां काढला, आत पाच हजार गाणी आणि बाहेर फिरवायचं मोठं बटण. किती लेकी-लेकांनी तो आई-वडिलांना दिला! नवं तंत्र आणि जुना हात, दोन्ही एका वस्तूत बसतात.

नवं ते वाईट, असं नाही

माझी आवड अजून गेलेली नाही, म्हणून चांगल्या रचनेचं कौतुकही करते. आपल्याकडे १९६०च्या दशकात मिक्सर आला त्याची गोष्ट मला फार आवडते. सत्यप्रकाश माथुर हे मुंबईतले इंजिनिअर. पत्नी माधुरीताईंचा जर्मन मिक्सर आपल्या डाळ-तांदळाच्या वाटणापुढे टिकेना. तेव्हा त्यांनी आपल्या स्वयंपाकघराला पुरेल अशी दणकट मोटर घालून सुमीत मिक्सर तयार केला. तक्रार ओट्यापाशी सुरू झाली आणि उत्तरही ओट्यापाशी पोचलं.

आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर बघा. वाफेचा दाबच झाकण आतून धरून ठेवतो, त्यामुळे दाब असेपर्यंत ते उघडतच नाही. सुरक्षितता वेगळी शिकवावी लागत नाही, आकारातच आहे. रिंग सैल झाली, शिट्टी बिघडली, सेफ्टी व्हॉल्व्ह गेला, तर भांड्याच्या दुकानात सुटे मिळतात. २००३चा नोकिया ११०० आठवतो का? धूळ आत जाऊ नये असं बटणांवर एकसंध रबर, वर टॉर्च, मागचं झाकण उघडून बदलता येणारी बॅटरी. ज्या गावात वीज जाते आणि धूळ उडते तिथल्या माणसाचा विचार करून केलेला फोन होता तो. जगभर पंचवीस कोटींहून जास्त विकला गेला.

आणि खरंच नवं ते घ्यावंसुद्धा. साधा छताचा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट खातो, नवा बीएलडीसी तीस-पस्तीस. दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला चौदा-पंधरा युनिट वाचतात. एवढी वीज वाचणं हीसुद्धा जयणाच आहे. फक्त एक विचारून घ्या. जुन्या पंख्याचा कंडेन्सर गेला तर गल्लीतला वायरमन बदलून देतो. नव्याचं आतलं सर्किट गेलं तर ते किती वर्षं मिळणार आणि कितीला? हे विचारलं की दुकानदार प्रथमच आपल्याकडे नीट बघतो.

आपल्या हातात काय आहे

कायदे हळूहळू बदलत आहेत. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना एकाच प्रकारचं, टाइप-सी चार्जिंग सक्तीचं झालं. माझ्या चार्जरच्या डब्यात सतरा वायरी निघाल्या, त्यामुळे मला या कायद्याचा विशेष आनंद आहे. फेब्रुवारी २०२७ पासून तिथे काही अपवाद सोडून उपकरणांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला काढता-घालता आल्या पाहिजेत. आपल्या सरकारनेही २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. सुटे भाग, वॉरंटी, सर्व्हिस सेंटर यांची माहिती कंपन्यांनी एका जागी द्यावी, हा त्याचा हेतू. फोन, घरगुती उपकरणं, वाहनं, शेतीची यंत्रं असे चार विभाग त्यात आहेत. मोबाइल हातात आहेच, तर एकदा उघडून बघा.

पण कायदा दुकानात आपल्या शेजारी उभा नसतो. दिवाळीच्या खरेदीला निघताना मी चार प्रश्न कागदावर लिहून पर्समध्ये ठेवलेत. तुम्हालाही उपयोगी पडतील:

१. हे उघडतं का? बॅटरी किंवा झिजणारा भाग बदलता येतो का, कितीला, आणि आपल्या गावात कोण बदलतं?
२. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला हे एकट्याने, कुणाला न उठवता वापरता येईल का?
३. इंटरनेट बंद पडलं किंवा कंपनीने अॅप बंद केलं, तर ही वस्तू काय करते? नुसती पेटी उरते का?
४. हे आलं तर घरातून काय जाणार, आणि ते कुठे जाणार?

चौथा प्रश्न सगळ्यात अवघड. जुनी वस्तू माळ्यावर टाकली म्हणजे गेली नव्हे. दुरुस्त होणारी असेल तर ज्याला लागते त्याला द्या. होणारच नसेल तर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर द्या, घंटागाडीत नको. आणि दुरुस्त होते म्हणून सगळंच साठवत बसणं हाही परिग्रहच. हे मी माझ्या सतरा वायरींना उद्देशून म्हणते आहे.

दुरुस्तीवाल्यांविषयी एक सांगते. आमचे भाऊ म्हणाले, "काकू, माझा पोरगा हे शिकणार नाही. हल्ली येतंय त्यातलं निम्मं उघडतच नाही, शिकून करणार काय?" मोडकी वस्तू त्यांच्याकडे नेणं ही त्यांच्यावर मेहेरबानी नाही. उद्या आपल्याला त्यांची गरज आहे. किंमत घासाघीस न करता द्या.

माझा नियम यंदाच्या चातुर्मास स्थापनेला पूर्ण झाला. आता मी मोकळी आहे, आणि त्या रंगीत पानावर बोंडांचं नवं मॉडेल आहे, निम्म्या किमतीत. खोटं कशाला बोलू, मी दुकानात जाऊन आले. पहिला प्रश्न विचारला. विक्रेत्या मुलाने डबी उलटसुलट करून बघितली आणि आतल्या माणसाला विचारायला गेला. तो परत येईपर्यंत मी कानात घालून ऐकलं. आवाज फारच छान होता. मुलगा येऊन म्हणाला, "नाही उघडत मॅडम."

परत ठेवून आले. सध्या वायरवाले जुने इअरफोन वापरते. ते फोनला लावायला एक बोटभर जोडवायर लागते, आणि वायर ट्रॉलीच्या मुठीत अडकून दिवसातून दोनदा कानातून निघतात. त्यावर उपाय अजून सापडलेला नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा. आणि तुमच्या घरात सगळ्यात जुनी, अजून चालणारी वस्तू कोणती, तेही लिहा. यादी करू या.

जय जिनेंद्र.